फोनला कुलूप, सिम उघडं

धंद्याचा फोन हरवला की आधी त्याची किंमत मोजली जाते. बारा-पंधरा हजारांचा हँडसेट, गेला तर गेला, नवा घेता येईल. पण त्या फोनमधल्या नंबरावर आपल्या गिऱ्हाइकांचा भरवसा असतो, आणि नुकसानीची मोठी रक्कम तिथे पडते. आमच्या एजन्सीवर ही वेळ येऊन गेली. फोन आणि टॅब देऊन माणसं कामावर पाठवणाऱ्या प्रत्येकाला त्यातलं काही ना काही उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

काय घडलं

आम्ही सांगलीत औषधांचे घाऊक विक्रेते. मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यातल्या मेडिकल दुकानांना माल पुरवतो. खरेदी-विक्री यजमान बघतात. बिलं, वसुली आणि बँक माझ्याकडे. लाइनवर फिरणाऱ्या मुलांना एजन्सीचा फोन आणि ऑर्डर टिपायला टॅब दिलेला असतो. जतहून परतताना एसटीत चढायच्या रेटारेटीत एका मुलाच्या खिशातून फोन गेला.

फोनला लॉक होतं, पण ते उघडायची चोराला गरजच पडली नाही. ट्रे बाहेर ओढून सिम काढलं, दुसऱ्या फोनमध्ये घातलं, की त्या नंबरावर येणारा प्रत्येक एसएमएस त्याच्या हातात. त्याने त्या नंबरावर व्हॉट्सॲप सुरू केलं. खातरजमेचा सहा आकडी कोड एसएमएसने आला आणि काम झालं. जुने मेसेज अशा वेळी दिसत नाहीत, पण तो नंबर ज्या ग्रुपमध्ये असतो ते ग्रुप पुन्हा उभे राहतात. त्यात आमचा दुकानदारांचा ग्रुप होता, म्हणजे वसुलीची आख्खी यादीच. ग्रुपवर काही न टाकता त्याने एकेका दुकानदाराला वेगळा मेसेज केला: ‘डिअर कस्टमर, आमचे बँक खाते बदलले आहे. आजपासून पेमेंट खालील क्यूआरवर करावे.’

मिरजेच्या एका जुन्या दुकानदारांना शंका आली. त्यांनी लँडलाइनवर फोन केला. “वहिनी, तुमचा पोरगा मला काका म्हणतो. आज एकदम डिअर कस्टमर कसा काय?” तेव्हा आम्हाला फोन गेल्याचं कळलं. तोवर काही दुकानदारांनी नेहमीच्या सवयीने पैसे पाठवून टाकले होते. नंबर आमचा, नाव आमचं. त्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. ज्यांनी रक्कम भरली होती, ती त्यांच्या बिलात आम्ही जमा धरली. १९३० या सायबर मदतक्रमांकावर त्याच दिवशी तक्रारी गेल्यामुळे थोडी रक्कम पुढच्या खात्यात अडवली गेली. बाकीची गेली.

इथे एक गोष्ट सगळ्यांनी समजून घ्यावी. खातेदाराच्या नकळत पैसे गेले आणि त्याने वेळेत कळवलं, तर त्याची जबाबदारी मर्यादित ठेवणारे रिझर्व्ह बँकेचे नियम २०१७ पासून आहेत. पण क्यूआर स्कॅन करून आणि आपला पिन टाकून पाठवलेले पैसे या नियमात सहसा बसत नाहीत. १९३० वर तक्रारही ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्यानेच करायची असते. म्हणून दुकानदारांना एकेक करून फोन लावून, सोबत बसवून तक्रारी नोंदवून घेतल्या.

दोन पिन, एक वेगळा नंबर

त्या दिवशी बँकेतला एक रुपयाही हलला नाही. कारण बँकेचा, जीएसटीचा आणि ई-वे बिलाचा ओटीपी ज्या नंबरावर येतो, तो फोन ऑफिसच्या बाहेर जातच नाही. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या पोर्टलवर सगळ्याच करदात्यांना पासवर्डसोबत ओटीपी लागतो. हा नंबर फिरतीवरच्या माणसाच्या खिशात असेल, तर फोन हरवल्या दिवशी पैसे अडकतात आणि मालाची गाडीही. ओटीपीचा नंबर वेगळा, लाइनचा नंबर वेगळा, ही वाटणी आजच करा.

लाइनच्या प्रत्येक फोनवर आता दोन पिन आहेत. पहिला सिमचा. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली ‘सिम लॉक’ असतं. ते सुरू केलं की सिम कुठल्याही फोनमध्ये घाला, आधी पिन मागतं. सुरू करताना कंपनीने ठरवलेला मूळ पिन लागतो. तो अंदाजाने टाकू नका, मोबाइल कंपनीच्या गॅलरीत विचारून घ्या. तीनदा चुकलं तर सिम अडकतं आणि पीयूके क्रमांक मागतं. तो कंपनीकडून मिळतो, पण तोही दहादा चुकला तर सिम कायमचं बाद. ज्या फोनमध्ये ई-सिम चालतं, तिथे ते घ्यावं. ट्रेमधून काढून नेण्यासारखं काही उरतच नाही.

दुसरा पिन व्हॉट्सॲपचा. अकाउंटमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ आहे, तिथे सहा आकडी पिन ठरवायचा आणि ऑफिसचा ईमेल जोडायचा. मग सिम चोराच्या हातात गेलं तरी पिनशिवाय त्याला सात दिवस थांबावं लागतं, आणि तेवढ्यात आपण नंबर परत घेऊ शकतो. हे दोन्ही करायला फोनमागे दहा मिनिटंही लागत नाहीत, खर्च शून्य. जोडीला लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर लॉक न उघडताच ओटीपी वाचता येतो.

नाव कोणाचं, खातं कोणाचं

डुप्लिकेट सिम ज्याच्या नावावर नंबर आहे त्यालाच मिळतं. आमचे नंबर एजन्सीच्या नावावर होते, म्हणून यजमान सहीशिक्क्याचं पत्र घेऊन गेले आणि सिम मिळालं. ओळखीतल्या एका व्यापाऱ्याचे नंबर सोडून गेलेल्या कामगाराच्या नावावर आहेत. फोन हरवला तर व्यापाऱ्याला त्या कामगाराच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतील. आणखी एक अडचण ध्यानात ठेवा. नव्याने मिळालेल्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस चालत नाहीत. व्हॉट्सॲप परत घेताना कोड एसएमएसने न मागता कॉलवर मागावा. कोड टाकला की चोराच्या फोनवरचं व्हॉट्सॲप बंद पडतं.

हीच गोष्ट टॅबमधल्या गूगल खात्याची. टॅब मुलाच्या खासगी जीमेलवर सुरू केला, तर ऑर्डरी, फोटो, दुकानदारांचे नंबर सगळं त्याच्या खात्यात साठतं. तो नोकरी सोडून गेला आणि आपण टॅब रिसेट केला, तर टॅब पुन्हा त्याचंच खातं मागू शकतो. चोराला अडवण्यासाठी केलेली ही सोय आपल्यालाच आडवी येते. टॅब घेतल्या दिवसापासून त्यात ऑफिसचं खातं असावं. म्हणजे हरवल्यावर ऑफिसातूनच दुसऱ्या फोनवरून तो शोधता येतो, लॉक करता येतो, पुसून टाकता येतो. मात्र लॉक करणं, पुसणं टॅब चालू आणि नेटला जोडलेला असेल तरच होतं, त्यामुळे इथेही उशीर चालत नाही.

फोन-टॅब पाच-सात असतील तर एवढं हाताने जमतं. त्यापुढे ‘मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट’ची सेवा घ्यावी. टॅबवर फक्त ऑर्डरचं ॲप आणि नकाशा दिसेल, दुसरं काही भरता येणार नाही, अशी व्यवस्था त्यातून होते. मुलगा स्वतःचाच फोन वापरत असेल तर त्यात ‘वर्क प्रोफाइल’ करून घ्या. धंद्याची ॲप्स वेगळ्या कप्प्यात राहतात. त्याच्या घरच्या फोटोंना आपला हात लागत नाही आणि नोकरी सुटली की तेवढा कप्पा पुसता येतो.

फोन खिशातच असताना

चोरी न होताही फोन परक्याच्या ताब्यात जातो. लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, वीजबिल अशा नावांनी व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते. ती उघडून ॲप बसवलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि ती मिळाली की प्रत्येक ओटीपी परस्पर दुसरीकडे जातो. आमचा नियम साधा आहे: ॲप फक्त प्ले स्टोअरमधून, तेही ऑफिसला विचारून. ‘अनोळखी ॲप्स’ची परवानगी सगळ्या फोनवर बंद असते. सिक्युरिटी अपडेटची तारीख दर महिन्याला बघितली जाते. ज्या टॅबला अपडेट मिळणं थांबलं, तो लाइनवरून काढून गोडाऊनमध्ये नेटशिवायच्या कामाला लावतो. फोन दुरुस्तीला देताना पिन सांगायची पाळी येऊ नये यासाठी काही कंपन्यांनी ‘मेंटेनन्स’ किंवा ‘रिपेअर’ मोड दिला आहे. तो नसेल तर बॅकअप घेऊन, फोन रिसेट करूनच द्यावा.

औषधांच्या धंद्यात आणखी एक जबाबदारी आहे. सहज न मिळणाऱ्या औषधासाठी दुकानदार कधीकधी डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटोच पाठवतात. त्यावर रुग्णाचं नाव असतं आणि औषधावरून आजार कळतो. कोणाला कॅन्सर आहे, कोणाला मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत, हे आमच्या फोनच्या गॅलरीत पडून राहावं हे मला पटत नाही. फोटो आपोआप साठवणं आम्ही बंद केलं; ऑर्डर पुरी झाली की चिठ्ठी पुसली जाते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात अशी माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण कायदा नसता तरी हे आपलं कामच आहे.

फोन गेला तर, याच क्रमाने

ऑफिसच्या भिंतीवर हा क्रम लावून ठेवला आहे:

१. मोबाइल कंपनीला फोन करून सिम बंद करणं.
२. त्या फोनवर यूपीआय किंवा बँकेचं ॲप असेल तर बँकेला कळवून ते बंद करणं.
३. गूगल खात्यातून फोन लॉक करणं, पुसणं.
४. सगळ्या दुकानदारांना ऑफिसच्या नंबरावरून सांगणं: हा नंबर चोरीला गेला आहे, खातं बदललेलं नाही.
५. पैसे गेले असतील तर लगेच १९३०.
६. पोलिसांत तक्रार, डुप्लिकेट सिम आणि मग सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, ब्लॉक करणं.

शेवटच्या पायरीला तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि आयएमईआय लागतो. *#०६# डायल केलं की आयएमईआय दिसतो, पण फोन हातात असतानाच. प्रत्येक फोन-टॅबचा तो क्रमांक, बिल आणि कोणाकडे काय दिलं आहे हे वहीत आजच उतरवून घ्या. ब्लॉक केलेला हँडसेट देशातल्या कुठल्याही नेटवर्कवर चालत नाही. दुकानदारांनाही आम्ही कायमचं सांगून ठेवलं आहे: खातं बदलल्याचा मेसेज कोणाकडूनही आला तरी लँडलाइनवर विचारल्याशिवाय रुपया पाठवू नका.

या सगळ्याच्या आधीची पायरी म्हणजे फोन गेल्याचं ऑफिसला कळणं, आणि आमच्याकडे उशीर तिथे झाला. मुलगा आधी स्टँडवर शोधत राहिला. कोणाकडून फोन मागून कळवावं, तर ऑफिसचा नंबर पाठ नव्हता. सगळे नंबर हरवलेल्या फोनमध्येच. त्याहून मोठी होती भीती. संध्याकाळी ऑफिसात येऊन तो आधी माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “वहिनी, पगारातून कापा, पण दादांना सांगू नका.” दरम्यानच्या त्या तासांत दुकानदारांचे पैसे गेले होते. पगार कापला जाईल या धास्तीने गप्प बसलेला माणूस कुठल्याही पिनने भरून काढता येत नाही. आता प्रत्येक मुलाच्या पाकिटात लँडलाइनचा आणि माझा नंबर लिहिलेलं कार्ड असतं, आणि नियम लेखी आहे: फोन हरवल्याचं लगेच कळवणाऱ्याच्या पगारातून एक पैसाही कापला जाणार नाही. तुमच्या माणसांना हा नियम फोन हातात देतानाच वाचून दाखवा, आणि प्रसंग आला की तो पाळा.