बॉनेट उघडा, आधी नंबर बघा

मी घेतलेली प्रीमियर पद्मिनी बाहेरून अस्सल होती. क्रोमची जाळी, सोफ्यासारखी पुढची सीट, सगळं कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालं तसंच. बॉनेटखाली मात्र मारुती जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन. आधीच्या मालकाने हौसेनं बसवून घेतलेलं. ‘एसी लावून खंबाटकी चढवा,’ विकणारा म्हणाला. चढलीही.

त्रास पुढे सुरू झाला. पद्मिनीचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं, चाळीसेक हॉर्सपॉवरचं. चारही चाकांचे ड्रम ब्रेक, मागचे पाटे, प्रॉपेलर शाफ्ट, सगळं त्या हिशेबानं बनवलेलं. जिप्सीचं इंजिन जवळजवळ दुप्पट ताकदीचं. हायवेवर गाडी सहज शंभराला जाई, पण तिथून दोन-चारदा जोरात ब्रेक मारले की ड्रम तापून पेडल निर्जीव व्हायचं. माउंटिंग अंदाजानं वेल्ड केलेलं, त्यामुळे शाफ्टचा कोन चुकला होता आणि त्याचे क्रॉस वरचेवर जात. जुन्या टाकीतला गंज फ्युएल इंजेक्शनच्या फिल्टरमध्ये येऊन बसे.

याहून वाईट म्हणजे गाडीला वाली उरला नव्हता. पद्मिनीवर हयात घालवलेले मिस्त्री वायरिंग बघून म्हणत, ‘साहेब, हे आपलं काम नाही.’ नव्या गॅरेजमधली पोरं स्कॅनर लावत, पण कुठली वायर कुठून ओढलीय याचा कागद कुणापाशीच नव्हता. असा इंजिन स्वॅप करणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: वायरिंगचं चित्र काढून घ्या. ते न देणाऱ्याला गाडी देऊ नका.

कागदांचं दुखणं वेगळंच. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. पुनर्नोंदणीला इन्स्पेक्टर इंजिन नंबर पडताळतो, माझा जुळेना. अपघात झाला असता तर विमा कंपनीनेही तिथंच बोट ठेवलं असतं. शिवाय २०२१च्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणी दिली, पण मूळ रूपातल्याच गाड्यांना. रोजच्या वापराची मुभा त्यात नाही, हेही ध्यानात ठेवा. शेवटी जिप्सीचं इंजिन काढायचं ठरवलं, पण माझ्या गाडीचं मूळ इंजिन भंगारात गेलेलं. पुण्याच्या नाना पेठेत आणि मुंबईत ऑपेरा हाऊसला चौकशा करून १०८९चंच दुसरं इंजिन मिळवलं. गाडी पुन्हा गोड चालू लागली, पण नंबर दुसऱ्याच गाडीचा. बिल जोडून, परवानगी घेऊन तो आरसीवर चढवणं हा निराळा खटाटोप. म्हणून इंजिन काढलंच तर ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा. जागा खाईल, खाऊ द्या.

जुन्याला हातच लावू नये, असलं सोवळं मी पाळत नाही. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा, हेडलाइटला रिले, हे जरूर करा. उद्या काढूनही टाकता येतं. उन्हात पेट्रोल पंप तापून गाडी बंद पडते, त्यावर जुने ड्रायव्हर ओलं फडकं गुंडाळायचे. आता लाइन एक्झॉस्टपासून लांब घ्यावी आणि उष्णतारोधक आवरण घालावं. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरचे वॉशर फुगतात, तेव्हा इथेनॉल सोसणारे आधी बसवा. माझ्या अनुभवात ‘इंजिनच बदलू या’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचा त्रास एवढ्यानं मिटतो. उरलेल्यांना रोज एसीत ऑफिसला जायचं असतं. त्यांनी सेकंड-हँड वॅगन-आर घ्यावी. स्वॅपच्या खर्चात बऱ्यापैकी मिळते.