घोट्यावरची जखम भरत का नाही?

प्रश्न : वडील दिवसभर उभ्यानेच दुकान सांभाळतात. घोट्याच्या आतल्या बाजूची जखम तीन महिने झाले, भरत नाही. भोवतीची कातडी काळवंडली आहे.
– एक वाचक, देवपूर, धुळे

उत्तर : ही लक्षणे बहुधा व्हेरिकोज व्हेन्सची आहेत. शिरांतल्या झडपा निकामी झाल्या, की रक्त पायात साचते आणि जखम भरत नाही. पाऊल गार, बोटांवर दुखरी जखम असेल तर रक्तपुरवठा अपुरा; तळव्याला न दुखणारी जखम असेल तर मधुमेहाची शंका घ्यावी. साखर तपासा, पायाच्या रक्तवाहिन्यांची कलर डॉप्लर सोनोग्राफी करा. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या तुलनेत 0.9 पटीहून कमी असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घट्ट पट्टी बांधू नका. इतकी जुनी जखम असल्याने कर्करोग नाही ना, यासाठी बायोप्सीबद्दलही विचारा. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सर्जरीच्या ओपीडीत याच आठवड्यात दाखवा.