घरपोच शिधा आणि परसबाग

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण या सहा सेवा या योजनेत अंतर्भूत आहेत. २०१८ पासून पोषण अभियानाची तिला जोड मिळाली.

तीन ते सहा वर्षांच्या बालकांना अंगणवाडीत गरम ताजा आहार मिळतो. सहा महिने ते तीन वर्षे वयोगटाचा शिधा मात्र घरी दिला जातो. हा शिधा साऱ्या कुटुंबात वाटला गेल्यास बालकाचा वाटा घटतो. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारे १,००० दिवसांत खुंटलेली वाढ पुढे भरून काढणे कठीण असते. शिवाय पूरक आहाराची तरतूद वर्षातील ३०० दिवसांची आहे. उर्वरित भार घरच्या अन्नावरच पडतो.

येथे शेतीचे साहाय्य मोलाचे ठरते. परसबागेत शेवगा, पालक व पपई लावावी. लोहसमृद्ध ‘धनशक्ती’ बाजरी आणि नारिंगी गराचे ‘भू सोना’ रताळे यांना पीक नियोजनात स्थान द्यावे. सहा महिन्यांनंतर बालकास स्तनपानासोबत मऊ भरडी, डाळ व शिजवून कुस्करलेली भाजी द्यावी. त्यात थोडे तेल घातल्यास ‘अ’ जीवनसत्त्वाचे शोषण सुधारते, तर लिंबाच्या रसाने लोहाचे.

विस्तार कार्यकर्त्यांनी ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिनी अंगणवाडी सेविकेसमवेत ही प्रात्यक्षिके घ्यावीत आणि बियाणे वाटपात लहान बालके असलेल्या कुटुंबांना प्राधान्य द्यावे.