पोटरीत गोळा येतो? थायरॉईडच्या गोळीची वेळही बघा



दिवाळीच्या आधीची बैठक. हप्ते लिहून झाले, सह्या झाल्या आणि उठता उठता आपल्यातल्या एक ताई कळवळून खालीच बसल्या. पोटरीत गोळा आला होता. कुणी वांब म्हणतं, कुणी पेटके म्हणतं, दुखणं एकच. दोघींनी पाय धरून चोळला. जरा बरं वाटल्यावर त्या म्हणाल्या, "हे रोजचंच आहे. रात्री झोपेतून उठवतंय. थायरॉईडची गोळी लागली तेव्हापासून वाढलंय, म्हणून आठ दिवस झाले, गोळीच बंद केली."

गोळी बंद केली, हे ऐकून मी थांबले. कारण हीच चूक आपल्यात खूप जणी करतात.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूची फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. शरीराचं काम किती वेगाने चालावं हे तिच्या रसावर ठरतं. रस कमी पडला की सगळंच मंदावतं. थकवा, बद्धकोष्ठ, थंडी जास्त वाजणं, केस गळणं, पाळीत जास्त रक्त जाणं, ही लक्षणं पुष्कळ जणींना माहीत असतात. पण स्नायूही मंदावतात, हे कुणी सांगत नाही. आवळलेला स्नायू सैल व्हायला वेळ लागतो. अंग आखडतं, मांड्या-पोटऱ्या दुखतात, गोळे येतात. म्हणजे बऱ्याचदा गोळ्यांचं कारण औषध नसतं. आजार अजून आटोक्यात आलेला नसतो.

मग ताईंना विचारलं, गोळी कशी घेता? "सकाळी चहाबरोबर. कॅल्शियमची पण तेव्हाच. एकदाच काय ते घेऊन टाकलं की कामाला मोकळी."

इथेच घोटाळा होता. थायरॉईडची गोळी, म्हणजे थायरॉक्सिन, उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. सकाळच्या चहाशिवाय आपला दिवस उगवत नाही हे मला कळतं, पण पहाटे उठल्या उठल्या गोळी घेतली तर सडा-झाडलोट होईपर्यंत तेवढा वेळ निघून जातो. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत तर चार तासांचं अंतर हवं. त्या सोबत घेतल्या तर थायरॉक्सिन पोटात नीट शोषलं जात नाही. गोळी घेतल्याचं समाधान मिळतं, रक्तात मात्र पुरती पोचत नाही.

गरोदर बाईने तर हे जास्तच जपायचं. आशाताई लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात, त्या घ्यायच्याच, पण दुपारी आणि रात्री जेवणानंतर, दोन्हींची वेळ वेगळी ठेवून. गरोदरपणात थायरॉक्सिनचा डोस बहुधा वाढवावा लागतो. म्हणून पाळी चुकली की लगेच डॉक्टरांना सांगा. गोळी मनाने थांबवू नका, बाळाच्या मेंदूच्या वाढीचा प्रश्न असतो.

डोस जास्त झाला तरीही पेटके येऊ शकतात, हेही खरं. पण तेव्हा छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, वजन उतरणं अशा खुणा सोबत असतात. कमी की जास्त, हे आपण अंदाजाने ठरवायचं नाही. टीएसएच नावाची रक्ततपासणी ते सांगते. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी ती पुन्हा करायची. त्याआधी केली तर खरं चित्र दिसत नाही. आणि रिपोर्ट बरा आला तरी स्नायू पूर्ववत व्हायला काही महिनेही लागतात, तेवढा धीर धरावा लागतो.

गोळा आला त्या क्षणी काय करायचं? पाय सरळ करा, पायाची बोटं स्वतःकडे ओढून धरा, हलकेच चोळा. सैल झाल्यावर गरम पाण्याच्या पिशवीने शेका. निंदणी-कापणीच्या दिवसांत पाणी पीत राहा. पाणी कमी पडलं तर थायरॉईड नसलेल्या बाईलाही गोळे येतात. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून पोटऱ्या दोन मिनिटं ताणल्या तर पुष्कळ जणींना आराम पडतो. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज खाऊ नका. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा, तिच्यानेही स्नायू दुखतात आणि थायरॉईड कमी असताना जास्तच.

काही वेळा मात्र घरी थांबायचं नाही. थायरॉईडचं ऑपरेशन झालंय आणि ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हाताची बोटं वाकडी होऊन आखडतात, तर लगेच दवाखाना गाठा. थायरॉईडच्या मागे चार बारीक ग्रंथी असतात, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसला तर कॅल्शियम एकदम उतरतं. तसंच एकच पाय सुजून गरम लागत असेल, किंवा अंग खूप दुखून लघवी काळसर होत असेल, तरी उशीर करू नका.

आता त्या ताईंचं सांगते. दुसऱ्याच दिवशी त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी डोस तोच ठेवला, फक्त वेळा बदलून दिल्या. संक्रांतीच्या आधी तपासणी झाली, टीएसएच बराच खाली आलाय. गोळे पूर्ण गेलेले नाहीत, आठवड्यातून एखादा येतो. पण रात्रीची झोप लागते म्हणाल्या.

पुढच्या बैठकीला ज्यांची थायरॉईडची गोळी चालू आहे त्यांनी गोळ्यांची पाकिटं आणि शेवटचा रिपोर्ट सोबत आणा. कोण कोणती गोळी किती वाजता घेतं, ते वहीच्या मागच्या पानावर एकत्र बसून लिहून काढू.