योनाचा निरोप आणि कतारचे ऊन



योम किप्पूरच्या, म्हणजे आपल्या जुन्या माणसांच्या शब्दांत दारफळणीच्या दिवशी, मिन्हाच्या वेळी योना नबीचे पुस्तक वाचले जाते. उपासाने जीव थकलेला असतो, निम्म्या लोकांचे डोळे घड्याळाकडे असतात आणि माशाच्या पोटातल्या तीन दिवसांपलीकडे आपल्या लक्षात फारसे काही राहत नाही. या खेपेच्या अभ्यासासाठी मी हेच पुस्तक घेतले आहे. विषय मात्र आजचा आहे. पृथ्वी तापत चालली आहे ही गोष्ट सामान्य माणसाला कशी सांगावी, म्हणजे तो ऐकून सोडून देणार नाही, काही करील?

मानसशास्त्राचे जाणकार या प्रश्नाचा बराच काळ अभ्यास करीत आहेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००९ साली यावर एक मोठा अहवालच काढला. पण शिक्षकाला याची ओळख वर्गातच होते. जूनमध्ये "परीक्षा येते आहे" म्हटले तर एक मूल पुस्तक उघडत नाही. मार्चमध्ये तेच दरडावून म्हटले तर काही मुले इतकी घाबरतात की तीही पुस्तक उघडत नाहीत. पहिल्या वेळी परीक्षा लांब असते. दुसऱ्या वेळी भीती असते, पण आता कुठून सुरुवात करावी ते कोणी सांगितलेले नसते. "पोळ्यांवरचा बर्फ वितळतो आहे, जग बुडणार आहे" असे सांगणाऱ्यांच्या हातून या दोन्ही चुका एकदमच होतात.

योनाचा निरोप पाहा. मूळ हिब्रूत तो अवघ्या पाच शब्दांचा आहे. चाळीस दिवसांची मुदत आणि निनवे शहराचे नाव. कधी आणि कुठे, हे दोन्ही स्पष्ट. निनवेचे लोक ऐकतात आणि उपास पुकारतात. इथे क्रम नीट वाचावा. आधी लोक उठतात, मग बातमी राजापर्यंत जाते, मग राजा सिंहासन सोडून राखेत बसतो आणि हुकूम काढतो. म्हणजे शेजारी गोणपाट नेसलेला दिसला म्हणून आपणही नेसलो, असे तिथे झाले असले पाहिजे. माणूस तज्ज्ञाच्या भाषणापेक्षा शेजाऱ्याच्या गच्चीकडे अधिक पाहतो.

मग परक्या योनावर त्यांनी विश्वास का ठेवला? काही जुन्या भाष्यकारांनी याचे उत्तर दिले आहे की, त्या जहाजावरची माणसे शहरात होती आणि आम्हीच याला समुद्रात टाकले होते अशी साक्ष त्यांनी दिली. सांगणारा वादळातून आलेला होता.

आता कतारकडे वळू. हा देश मुद्दाम निवडला आहे. नैसर्गिक वायूवर श्रीमंत झालेला, दरडोई कार्बन सोडण्यात जगात अगदी वरच्या रांगेत बसणारा, आणि स्वतः उन्हात होरपळणारा. लोकवस्तीत दहापैकी जवळजवळ नऊ माणसे परदेशी, त्यांत भारतीय सर्वांत अधिक, आणि आपली मराठी माणसेही त्यांत आहेत. कतारी नागरिकांना वीज आणि पाणी फुकट मिळते. ज्याचे बिल येत नाही ते नजरेला येत नाही. परदेशी माणूस म्हणतो, चार वर्षांनी मी परत जाणार, मला काय त्याचे? अशा ठिकाणी बचत पटवून देणे म्हणजे सुट्टीच्या दिवशी वर्ग भरवण्यासारखे आहे.

तरी प्रयत्न झाले. तिथल्या वीज-पाणी खात्याने २०१२ साली 'तर्शीद' नावाची बचतीची मोहीम सुरू केली. २०१५ च्या कायद्याने नळीने गाडी किंवा अंगण धुणाऱ्याला २०,००० रियालपर्यंत दंड ठेवला. दंडाने मन बदलत नाही असे म्हणण्याची पद्धत आहे. माझे मत थोडे निराळे आहे. सवय पुष्कळदा आधी लागते आणि पटते मागाहून. इस्रायलमध्ये जानेवारी २०१७ पासून मोठ्या दुकानांत प्लास्टिकच्या पिशवीला दहा अगोरोत पडू लागले. दहा अगोरोत म्हणजे काय, रस्त्यावर पडले तर कोणी वाकत नाही! पण गल्ल्यावर ते मागितले की आपल्याला टोचतात, आणि पिशवी घरून येऊ लागली. तेल अवीवमध्ये जन्मलेले डॅनिएल काहनेमन आणि त्यांचे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील सहकारी आमोस त्वेर्स्की यांनी १९७९ सालीच हे मांडले होते की, मिळाल्याचा आनंद जेवढा, त्याहून गमावल्याचे दुःख मोठे. काहनेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच कामासाठी. हवामानाच्या बाबतीत मात्र ते स्वतः फारसे आशावादी नव्हते. कारण इथे आजची सोय गमवायची असते, आणि टळणारे नुकसान पुढचे, धूसर असते.

२६ नोव्हेंबर ते ८ डिसेंबर २०१२ या काळात दोहा येथे संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद भरली. आखातातली ती पहिलीच. परिषद चालू असतानाच, ४ डिसेंबरला, फिलिपीन्सच्या दक्षिणेला बोफा नावाचे चक्रीवादळ धडकले आणि शेकडो माणसे गेली. दोनच दिवसांनी त्या देशाचे प्रतिनिधी येब सान्यो बोलायला उभे राहिले आणि बोलता बोलता त्यांचा कंठ दाटून आला. आपण नाही तर कोण, आता नाही तर केव्हा, इथे नाही तर कुठे, असे त्यांनी जमलेल्या सरकारांना विचारले. पिर्के अवोथच्या पहिल्या अध्यायातील हिल्लेलचे प्रश्न ज्यांना पाठ आहेत त्यांना ही चाल लगेच ओळखू येईल. योनासारखाच हा माणूस वादळाची साक्ष घेऊन आला होता. ज्यांना परिषदेचे एकही कलम आठवत नाही त्यांना ते अश्रू आठवतात.

पण पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. क्योटो कराराची मुदत दोहाला २०२० अखेरपर्यंत वाढवली गेली. ती दुरुस्ती अमलात येण्याइतक्या देशांच्या मान्यता मिळून ती लागू झाली ३१ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे मुदत संपली त्याच दिवशी. मन हलणे वेगळे आणि हात हलणे वेगळे.

त्याच दोह्यात २७ सप्टेंबर २०१९ च्या मध्यरात्री जागतिक स्पर्धेतील स्त्रियांची मॅरेथॉन झाली. उन्हाच्या भीतीने ती रात्री ११.५९ ला सुरू केली, तरी पारा ३० च्या वर आणि दमटपणा भरपूर. ६८ जणी धावल्या, २८ जणींना शर्यत सोडावी लागली. चाकाच्या खुर्चीवरून नेल्या जाणाऱ्या त्या खेळाडू ज्यांनी पाहिल्या, त्यांना आलेख दाखवण्याची गरज उरली नाही.

आणि जे रोजच दुपारी त्या उन्हात विटा-सळया उचलतात, त्यांचे काय? मला सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट इथे वाटते. २०१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, कतारचे कामगार खाते आणि ग्रीसमधील थेसाली विद्यापीठातील संशोधक यांनी कामगारांवर उष्णतेचा काय परिणाम होतो ते कामाच्या जागी जाऊन तपासले. त्यावरून २०२१ मध्ये नवा नियम आला. १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम बंद. शिवाय ऊन, दमटपणा आणि वारा यांचा एकत्र हिशेब करणारे एक तापमान असते, ते ३२.१ च्या वर गेले की घड्याळात काहीही वाजले असोत, काम थांबवायचे. उष्णतेने आजारी पडून तिथल्या रेड क्रेसेंटच्या दवाखान्यांत आलेले कामगार २०२० च्या उन्हाळ्यात १,५२० होते, २०२१ मध्ये ६२०, आणि २०२२ मध्ये ३५१. इथे कोणी पृथ्वीच्या भवितव्यावर व्याख्यान दिले नाही. एक आकडा, एक वेळ, आणि त्या वेळी काय करायचे ते सांगितले. योनाचे चाळीस दिवस असेच होते. अर्थात नियम आहे म्हणून प्रत्येक मुकादम तो पाळतो असे समजण्याइतके आपण भोळे नाही.

पुस्तकाचा शेवटचा अध्याय तर जणू या विषयावरच लिहिला आहे. योना शहराबाहेर उन्हात बसला आहे. किकायोनचे झाड (कोणी त्याला एरंड म्हणतात, कोणी भोपळ्याचा वेल) त्याच्या डोक्यावर सावली धरते. दुसऱ्या दिवशी कीड लागून ते वाळते, पूर्वेचा झळझळीत वारा सुटतो आणि योना त्या झाडासाठी मरण मागतो. तेव्हा देव त्याला विचारतो की, एका झाडाचे तुला इतके वाईट वाटते, मग एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांच्या शहराचे मला वाटू नये का? हजारोंचा आकडा आपल्या मनात शिरत नाही, डोक्यावरची एक सावली गेलेली लगेच कळते. देव योनाला यावरून रागावत नाही. त्या एका झाडावरूनच तो त्याला धडा शिकवतो.

आपले झाड कोणते? ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, रेवदंडा, अलिबाग, म्हणजे ज्या गावांवरून आपली आडनावे पडली तोच सारा पट्टा. नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीची झाडे मुळासकट गेली. नवे रोप लावले तरी पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. एकट्या त्या वादळाचा दोष तापणाऱ्या पृथ्वीवर टाकता येणार नाही, पण अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यात जोरदार वादळे वाढली आहेत, हे शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे.

तेव्हा पुढच्या वेळेसाठी अभ्यास असा. घरातल्या किंवा ओळखीच्या एका वृद्ध माणसाला विचारा की त्यांच्या गावच्या वाडीत किती माड आणि किती पोफळी होत्या, विहिरीला मे महिन्यात पाणी कुठवर असे. तुमच्या नातवंडांना सोबत बसवा आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या. जमल्यास तेच प्रश्न गावात आज राहणाऱ्या शेजाऱ्याला फोनवर विचारा. दोन्ही उत्तरे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून आणा.