तबकडीचे कुलूप आणि घरातली किल्ली

चित्रपटाची डीव्हीडी तुम्ही पाहिली असेल. विकत घेतलेली तबकडी ओरखडे पडून खराब होईल, या भीतीने कोणी संगणकावर तिची नक्कल करून ठेवतो. सगळी माहिती जशीच्या तशी उतरवूनही ही नक्कल प्लेअरमध्ये चालत नाही. असे का व्हावे?

डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये प्रथम विक्रीस आली. तिच्या एका थरावर ४.७ अब्ज बाइट माहिती मावते. नकला करून कोणी विकू नयेत म्हणून बहुतेक चित्रपट तिच्यावर गुप्त संकेतात लिहिले गेले. संकेत उलगडायला किल्ली लागते. ही किल्ली म्हणजे ० आणि १ या अंकांची ४० घरांची ओळ होय.

कपाटात पेटी आणि पेटीत डबी ठेवावी, तशी या किल्ल्यांची मांडणी असते. प्लेअरमधल्या किल्लीने तबकडीची किल्ली मिळते, तबकडीच्या किल्लीने चित्रपटाची किल्ली मिळते आणि तिने चित्रपट उलगडतो. तबकडीची किल्ली आतल्या कडेजवळ, सुमारे ४०० प्लेअर-किल्ल्यांनी वेगवेगळी बंद करून लिहिलेली असते. घरगुती वापराच्या कोऱ्या तबकडीवर नेमकी हीच जागा कारखान्यातच निकामी केलेली असते. त्यामुळे नकलेत कुलूपबंद चित्रपट उतरतो, पण किल्ली उतरत नाही. याउलट, ज्याच्याजवळ तबकड्या छापण्याचा कारखाना आहे तो किल्लीसकट सगळे छापू शकतो. म्हणजे कुलूप अडवते ते घरच्या माणसालाच!

आता थोडे गणित करू. ४० घरे प्रत्येकी दोन प्रकारे भरता येतात. म्हणून एकूण किल्ल्या २ चा ४० वा घात, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी होतात. सेकंदाला १० लाख किल्ल्या तपासणाऱ्या संगणकाला त्या सर्व तपासायला जवळजवळ १३ दिवस लागतील. पण १९९९ मध्ये फ्रँक स्टीव्हन्सन यांनी दाखवून दिले की, संकेताची रचनाच कच्ची असल्याने २ चा २५ वा घात, म्हणजे सुमारे ३ कोटी ३६ लाख प्रयत्नांत तबकडीची किल्ली सापडते. त्याच वेगाने हे काम ३४ सेकंदांचे!

त्याच वर्षी हे कुलूप उघडणारी आज्ञावली जगापुढे आली. संगणकावर चालणाऱ्या एका प्लेअरमध्ये किल्ली नीट लपवलेली नव्हती, ती हाती लागली होती. या प्रकरणी नॉर्वेतील योन लेक योहानसेन या तरुणावर खटला झाला. १९९९ मध्ये तो अवघा १५ वर्षांचा होता. स्वतः विकत घेतलेला चित्रपट पाहण्यासाठी कुलूप उघडणे हा गुन्हा नव्हे, असे ठरून २००३ मध्ये तो दोन्ही न्यायालयांत निर्दोष सुटला. प्रत्येक देशाचा कायदा मात्र वेगळा असतो. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनुसार, लेखक-निर्मात्यांचे हक्क डावलण्याच्या हेतूने असे कुलूप तोडल्यास २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. येथे हेतूला महत्त्व आहे, हे ध्यानात घ्या.

मग किल्ली लांब केली तर? २००६ साली आलेल्या ब्लू-रे तबकडीची किल्ली १२८ घरांची आहे. सर्व किल्ल्या तपासून ती शोधणे आजही अशक्य आहे. तरीसुद्धा वर्षभरातच तिच्या किल्ल्या बाहेर आल्या, कारण संगणकावरच्या प्लेअरला चित्रपट दाखवताना किल्ली संगणकाच्या स्मृतीत आणावीच लागते.

निरोप पाठवणारा आणि घेणारा यांच्यात तिसरा कोणी डोकावू नये, यासाठी गुप्त संकेत उत्तम काम देतो. येथे मात्र ज्याला चित्रपट दाखवायचा त्याच्यापासूनच किल्ली लपवायची आहे आणि ती तर त्याच्याच घरातल्या यंत्रात आहे! कुलूप कितीही भक्कम केले तरी ही अडचण सुटत नाही.

करून पाहा : किल्लीत एकच घर वाढवून ती ४१ घरांची केली, तर वरील १३ दिवसांचे किती दिवस होतील? आणि ५० घरांची केली तर किती वर्षे?