ताऱ्यांची भावकी

उन्हाळ्यात आपण अंगणात अंथरूण टाकतो. उत्तरेकडे पाहिले की सात तारे दिसतात. चार ताऱ्यांचा चौकोन आणि तीन ताऱ्यांची शेपटी. हे सप्तर्षी. कोणी त्यांना खाटलेही म्हणतात. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याला खेटून एक बारीक तारा आहे. ती अरुंधती. लग्नात नवरा-नवरीला तीच दाखवतात.

आम्ही शाळेत शिकवीत असताना मुलांना सांगत होतो, "ग्रह चालतात, तारे स्थिर असतात." ते चूक होते. तारेही चालतात. ते फार दूर आहेत, म्हणून त्यांची चाल आपल्या डोळ्यांना दिसत नाही, इतकेच. दूर डोंगराच्या पायथ्याने जाणारी बैलगाडी उभी असल्यासारखी वाटते ना? तसेच हे. आमची चूक आम्हांला पुढे वाचनातून कळली. ती दुरुस्त करावी, म्हणून हा धडा.

तारे जन्मतात कसे?

आकाशात वायूचे आणि धुळीचे प्रचंड ढग आहेत. हे पावसाचे ढग नव्हेत बरे का! त्यांत बहुतेक हायड्रोजन वायू असतो. ढगाचा एखादा भाग दाट झाला, की तो स्वतःच्याच ओढीने आत आत आकसतो. आकसताना तापतो. आतली उष्णता सुमारे १ कोटी अंशांवर गेली, की हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते. त्यातून ऊर्जा निघते आणि तारा स्वतःच्या बळावर तळपत राहतो.

एका ढगातून एकच तारा होत नाही. शेकडो, कधी हजारो होतात. वाफ्यात भाताची रोपे दाटीने उगवतात ना, तसे.

असा एक वाफा आपल्यालाही दिसतो. हिवाळ्यात मृग नक्षत्र पाहा. मृगाच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण आहे. त्याच्या दक्षिणेला बारीक ताऱ्यांची एक ओळ आहे. तिच्या मधोमध धुरकट ठिपका दिसतो. तेथे आजही नवे तारे घडत आहेत. तेथून उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे १३०० वर्षे लागतात. आज दिसणारा उजेड निघाला, तेव्हा आपल्या मुलखावर बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते!

भावकी पांगते कशी?

या भावंडांत काही तारे फार मोठे आणि फार तापलेले असतात. त्यांच्या प्रखर उजेडाने आणि वाऱ्याने उरलेला वायू उडून जातो. सर्वांना धरून ठेवण्यात त्या वायूच्या ओढीचा मोठा वाटा असतो. वायू गेला की दावे सुटले. मग तारे आपापल्या वाटेने जाऊ लागतात. काही मेळे तर जन्मापासूनच विरळ असतात. कृत्तिकांसारखे थोडे पुंज मात्र घट्ट असतात. ते पुष्कळ काळ एकत्र राहतात.

आर्मेनियाचे शास्त्रज्ञ व्हिक्टर अंबार्त्सुमियान यांनी १९४७ साली एक गोष्ट दाखवून दिली. सैल मेळा फार दिवस टिकत नाही. म्हणून तो अजून दिसत असेल, तर त्यातले तारे तरुणच असले पाहिजेत. जत्रा भरलेली दिसली, म्हणजे ती अजून मोडलेली नाही, हे आपण ओळखतोच की!

थोडा हिशेब करू या. उजेड सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. समजा, एक तारा आपल्या भावंडापासून सेकंदाला १ किलोमीटर दूर सरकतो. उजेड एका वर्षात जेवढा जातो, तेवढे अंतर पडायला ३ लाख वर्षे लागतील. १ कोटी वर्षांत त्याच्या ३३ पट अंतर पडेल.

सप्तर्षींचे गुपित

१८६९ साली रिचर्ड प्रॉक्टर यांनी दाखवले, की सप्तर्षींतले पाच तारे एकाच दिशेने चालले आहेत. पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरा आणि वसिष्ठ हे ते पाच. अरुंधतीही त्यांच्याबरोबर आहे. टोकाचे दोघे, क्रतू आणि मरीची, वेगळ्या वाटेचे वाटसरू आहेत. हे पाच एकाच ढगात जन्मले. त्याला सुमारे ४० कोटी वर्षे झाली. घर केव्हाच मोडले, पण चाल अजून एक आहे. चालीवरून भावकी ओळखता येते. युरोपीय देशांनी २०१३ साली सोडलेल्या गाया यानाने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांची चाल मोजली. त्यातून अशा पुष्कळ भावक्या सापडल्या.

आपला सूर्यही सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी अशाच एका मेळ्यात जन्मला असावा. त्याची भावंडे आकाशगंगेत कुठल्या कुठे पांगली.

डोळ्यांना स्थिर दिसते, ते स्थिर असतेच असे नाही. मोजावे, मग मानावे. आणि गुरुजींनी सांगितले तरी पडताळून पाहावे!

प्रश्न
१. तारे चालत असून आपल्याला स्थिर का दिसतात?
२. सैल मेळ्यातले तारे का पांगतात?
३. सप्तर्षींतले कोणते दोन तारे वेगळ्या वाटेचे आहेत?
४. आज रात्री आकाश पाहा. काय दिसले, ते चार ओळींत लिहा.